गेला तो संपला?

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका घरी मलिदा होता. कार्य यथासांग पार पडले, ताट फिरले, चहा आला, आणि आपल्या मंडळींत नेहमी होते त्याप्रमाणे चहाबरोबर वादही आला. वादाचा विषय घरचा मुलगा. वय २१, सैन्यातील मुदत पुरी करून आलेला, दक्षिणेकडच्या खालच्या लीगमधील एका क्लबात बॅक म्हणून खेळतो. त्याला सायप्रसच्या दुसऱ्या श्रेणीतील एका क्लबाकडून बोलावणे आले आहे. पगार बेताचा, राहायला खोली, करार एका वर्षाचा. मुलाला जायचे आहे. आई काही बोलत नाही. वडील "बघू" म्हणतात, आणि आपल्या घरांत "बघू"चा अर्थ काय असतो ते वाचकांना सांगायला नको.

एवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, ते म्हणाले, "अरे, त्या बेन हाईमचं काय झालं? बोल्टनमध्ये होता तोवर वाघ होता. तिथून गेला आणि संपला. आहेस तिथं बरा आहेस, बाबा." खोलीतल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. मुलाने मान खाली घातली. विषय मिटला.

आमचा राग मामांवर नाही. तो त्या डोललेल्या मानांवर आहे. "गेला तो संपला" हे वाक्य आमच्या कानांवरून इतक्या वेळा गेले आहे की ते खरे की खोटे हे तपासावे असे कोणालाच वाटत नाही. एका पोराच्या आयुष्यातले एक वर्ष त्या वाक्यावर ओवाळून टाकले जात असेल तर ते तपासलेच पाहिजे.

आम्ही म्हणजे कोण, हेही सांगितलेले बरे. दर शनिवारी शाब्बाथ सुटल्यावर एका घरी जमून सामने पाहणारी आम्ही चार माणसे. आमच्यातल्या दोघांनी मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिलेले आहेत. दोघांचा जन्म इथलाच. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही, तेव्हा हा लेख त्यांना वाचून दाखवावा लागणार. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, कारण दुसऱ्याच्या घरी, मलिद्याच्या दिवशी, मामांच्या तोंडाला तोंड देणे शोभले नसते. कागदावर मात्र ते शोभते.

आधी बेन हाईमची हकीकत. ताल बेन हाईम हा रिशोन लेत्सियोनचा, जन्म १९८२. मक्काबी तेल अवीवमध्ये तयार झाला, २००३ साली त्या संघाबरोबर लीग जिंकला. २००४ साली तो इंग्लंडमध्ये बोल्टन वाँडरर्स या क्लबात गेला. बोल्टन हे लँकेशायरमधले सुती गिरण्यांचे जुने गाव. ज्यांनी लालबाग-परळ पाहिले आहे त्यांना ते गाव न पाहताही कळेल. क्लब जुना, १८८८ साली इंग्लिश लीग स्थापन करणाऱ्या बारांपैकी एक, पण पैशाने गरीब. सॅम अॅलर्डाइस हा त्यांचा मॅनेजर. दुसऱ्यांनी टाकून दिलेले, तिशी उलटलेले, कोणाला नको असलेले खेळाडू गोळा करून त्यांतून संघ उभा करावा तो त्यानेच. त्या संघाला देखणा खेळ कोणी म्हटले नाही. पण मोठमोठे क्लब तिथे जाऊन दात पडल्यासारखे परत येत. २००४-०५ मध्ये बोल्टन सहावे आले, लिव्हरपूलइतकेच ५८ गुण मिळवून, आणि आपल्या इतिहासात पहिल्यांदा युएफा कपमध्ये गेले. पुढच्या वर्षी आठवे, त्याच्या पुढच्या वर्षी सातवे. ही तीन वर्षे बेन हाईम त्या बचावफळीत होता. सेंटर बॅकच्या मानाने उंची फारशी नाही, पण अंगावर जाण्यात उशीर नाही, आणि गरज पडेल तेव्हा उजवीकडेही खेळणारा. त्याच काळात, २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, आपला राष्ट्रीय संघ फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड यांच्या गटात एकही सामना न हरता १८ गुणांवर राहिला आणि तरीही घरी बसला. त्या संघाच्या बचावातही तो होता. आमच्या शनिवारच्या घरात त्या दिवसांत त्याच्याविषयी कोणी वावगे बोलल्याचे आठवत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात बोल्टनबरोबरचा करार संपला. तो चेल्सीत गेला, आणि बोल्टनला एक पौंडही मिळाला नाही. तिथून पुढची यादी मामांना तोंडपाठ आहे. चेल्सीत लीगचे १३ सामने. एका वर्षात मँचेस्टर सिटी, तिथे ९. सहा महिन्यांत सँडरलँडला उसना, ५. मग पोर्ट्समथ, तिथून वेस्ट हॅमला पुन्हा उसना, मग क्वीन्स पार्क रेंजर्स. पोर्ट्समथ २०१० साली खाली गेले, वेस्ट हॅम २०११ साली, क्वीन्स पार्क २०१३ साली. "जिथे गेला तिथे दिवा विझला," असे आमच्यातलाच एक म्हणत असे. हसायला बरे वाटते. पण पोर्ट्समथ बुडाले ते मालकांनी खिशात नसलेला पैसा उधळला म्हणून. फेब्रुवारी २०१० मध्ये ते दिवाळखोरीच्या कारभाऱ्याच्या हाती गेले, ९ गुण कापले गेले. एका बॅकच्या पायगुणाने क्लब बुडत असते तर बँकांनी जामीन म्हणून बॅकच मागितले असते.

आता खरा प्रश्न. २५ वर्षांचा, तीन वर्षे इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये पाय घट्ट रोवून खेळलेला माणूस एका उन्हाळ्यात खेळ विसरतो काय?

चेल्सीच्या त्या वर्षीच्या बचावफळीतली नावे घ्या. जॉन टेरी, २६ वर्षांचा, कप्तान, इंग्लंडचाही कप्तान. रिकार्दो कार्व्हालो, २९ वर्षांचा, त्या वेळच्या युरोपातल्या पहिल्या दोनचारांतला. आणि त्याच उन्हाळ्यात ब्राझीलचा अॅलेक्स दाखल झाला. जागा दोन, माणसे चार. बेन हाईमला घेतले ते जोझे मोरिन्योने. आणि २० सप्टेंबर २००७ रोजी, मोसमाला धड दोन महिनेही झाले नसताना, मोरिन्यो गेला. मँचेस्टर सिटीने त्याला ३० जुलै २००८ च्या सुमारास घेतले तेव्हा मालक थायलंडचे थाकसिन. १ सप्टेंबरला क्लब अबू धाबीच्या हाती गेला, आणि ज्यांच्या तिजोरीला तळ नाही असे लोक जुन्या मालकाने घेतलेल्या बॅकला कशाला सांभाळतील? नोकरीला लावणारा साहेब बदलला की नव्या साहेबाला जुन्या साहेबाचा माणूस नको असतो. हे फुटबॉलमध्येच होते असे नव्हे. बाँबे पोर्ट ट्रस्टात वा रेल्वेत नोकरी केलेल्या आपल्या वडिलांना विचारा.

आणि बॅकचा धंदा हा इतर धंद्यांसारखा नाही, हे मामा विसरतात. फॉरवर्ड बाकावर बसला तरी शेवटची पंधरा मिनिटे त्याला आत घालतात. एक गोल मारला की तो पुन्हा वर्तमानपत्रात. बॅकला कोण आत घालतो? पुढे असलेला संघ बचाव मोडत नाही, मागे पडलेला संघ बॅक काढून फॉरवर्ड घालतो. म्हणजे बॅक बसला की बसला. महिनाभराने शेजारचा जखमी झाला म्हणून त्याला उभे केले, तर डावीकडचा किती पुढे जातो, गोलकीपर कधी बाहेर येतो, कोण ओरडल्यावर रेषा वर न्यायची, यांतले त्याला काही ठाऊक नसते. बोल्टनमध्ये मागे युसी यास्केलाइनेन होता, बाजूला कधी ब्रुनो एन्गोटी, कधी ट्युनिशियाचा रादी जायदी, पुढे इव्हान कांपो आणि गॅरी स्पीड. एकमेकांच्या चुका एकमेकांच्या पायांनी झाकणारी माणसे. भिंतीतला एक चिरा काढून दुसऱ्याच्या अंगणात उन्हात टाकायचा, आणि मग म्हणायचे, पाहा, आता यावर छप्पर राहत नाही! चिरा तोच आहे हो.

इथे मामांचा पक्ष घेणारे आमच्यातलेच एक गृहस्थ गॅरी केहिलचे नाव काढतात. आणि हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, म्हणून त्याला पुरती जागा देतो. केहिल हाही बोल्टनचाच सेंटर बॅक. जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे बेन हाईम गेल्यावर सहा महिन्यांनी, तिथे आला. चार वर्षे खेळला आणि जानेवारी २०१२ मध्ये, त्याच रस्त्याने, त्याच चेल्सीत गेला. चार महिन्यांत, १९ मे २०१२ रोजी, म्युनिकला बायर्नविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला आणि कप घेऊन परतला. पुढे लीग दोनदा जिंकला, चेल्सीचा कप्तान झाला. तेव्हा आमचे हे गृहस्थ विचारतात, रस्ता तोच, गाव तेच, दार तेच; मग एक आत जाऊन राजा झाला आणि दुसरा का नाही? फरक माणसात नाही तर कशात?

दारात आहे. केहिल गेला तेव्हा कार्व्हालो २०१० सालीच रेआल माद्रिदला निघून गेलेला होता. अॅलेक्स त्याच जानेवारीत पॅरिसला गेला. टेरी ३१ वर्षांचा झाला होता, आणि बार्सिलोनाविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये लाल कार्ड खाऊन फायनलला बाहेर बसला. म्हणजे केहिल ज्या खोलीत शिरला तिथे खुर्च्या रिकाम्या होत होत्या. बेन हाईम शिरला तेव्हा सगळ्या खुर्च्यांवर माणसे होती आणि एक दारात उभा होता. केहिल अधिक चांगला बॅक होता काय? आमच्या मते होता. आम्ही आंधळे नाही, आणि आपला माणूस म्हणून पितळेला सोने म्हणणार नाही. पण थोडा अधिक चांगला आणि थोडा कमी यांच्यामध्ये जितके अंतर असते, तितके अंतर म्युनिकचा कप आणि सँडरलँडचे पाच सामने यांच्यामध्ये नाही. ते बाकीचे अंतर नशिबाचे, वेळेचे आणि दुसऱ्याच्या गुडघ्यांचे असते.

आता बोल्टनकडे पाहू, कारण "आहेस तिथं बरा आहेस" या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग कोणी तपासतच नाही. जाणारा संपला, ठीक. ज्या घरातून गेला त्या घराचे काय झाले? अॅलर्डाइस एप्रिल २००७ अखेर बोल्टन सोडून गेला, बेन हाईमच्याही आधी. त्याच्या जागी आलेल्या मॅनेजरला ऑक्टोबरात काढले. त्या मोसमात ते सोळावे आले, जेमतेम वाचले. १३ मे २०१२ रोजी, केहिलच्या म्युनिकच्या आधी सहा दिवस, बोल्टन खाली गेले ते आजवर वरच्या लीगमध्ये परतलेले नाही. २०१९ साली क्लब दिवाळखोरीत, १२ गुण कापलेले. २०२० साली चौथ्या श्रेणीत. एकशेचाळीस वर्षांहून जुने ते घर जवळजवळ बंदच पडत होते. बेन हाईम राहिला असता तर यातले काय टळले असते? आणि राहिला असता तर आज मामाच म्हणाले नसते का, की वेळेवर निघाला असता तर बरे झाले असते, बसून राहिला आणि घराबरोबर बुडाला?

बोल्टनच्या लोकांना राग आला तो आम्ही समजू शकतो. थोडक्या पैशांत आणून घडवलेला माणूस फुकट गेला. ज्यांनी थंडीत उभे राहून त्याच्या नावाने आरोळ्या दिल्या त्यांना तो लागणारच. असा राग प्रेमातूनच येतो. पण "तो गेल्यावर घसरला" हे वाक्य त्यांच्या दृष्टीने मलम होते. आपल्याला ते मलम कशाला पाहिजे? आपले काय दुखत होते?

बेन हाईमच्या पदरी दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. त्यांतला सर्वांत मोठा जिभेचा. मोरिन्यो गेल्यावर चेल्सीचा मॅनेजर झाला तो आपला अवराम ग्रँट. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक असताना ज्याने बेन हाईमला पहिल्यांदा इस्रायलची जर्सी दिली तोच. आणि त्याच्याविरुद्ध हा वर्तमानपत्रांत नाराजी बोलून बसला. खेळायला मिळत नाही म्हणून पोटात आग पडणे समजते, पण ती आग छापून आणायची नसते. गंमत पुढे आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ग्रँट पोर्ट्समथला मॅनेजर म्हणून आला तेव्हा बेन हाईम तिथेच होता. आणि २०१० साली ग्रँट वेस्ट हॅमला गेला तर त्यानेच याला तिकडे उसने मागून नेले. ज्याचा अपमान झाला त्याने धरून ठेवला नाही. धरून ठेवला आहे तो आपण, हजारो मैलांवर बसून चहा पिणाऱ्यांनी.

दुसरा दोष पैशाचा, असे म्हणतात. पोर्ट्समथ दुसऱ्यांदा बुडाले तेव्हा, २०१२ साली, बेन हाईमचा पगार फार मोठा होता आणि मोठ्या पगाराचे खेळाडू करार सोडून गेल्याशिवाय क्लब वाचणार नव्हता. तो सर्वांत शेवटी, ऑगस्टात, तडजोड करून गेला. गावाने त्याला शिव्या दिल्या. आम्हालाही त्या वेळी तो खटकला. ज्या क्लबाने गावातल्या छोट्या छोट्या व्यापाऱ्यांची बिले बुडवली तिथे एका माणसाने आठवड्याचे एवढे पौंड मागत बसावे हे बरे दिसत नव्हते. पण त्या कागदावर सही त्याने एकट्याने केली नव्हती. क्लबाच्या बाजूनेही सही होती, आणि ती करणारे केव्हाच निघून गेले होते. आपल्यापैकी किती जणांनी, कारखाना बंद पडताना, मालकाची अडचण पाहून पित्सुईमचा हक्क सोडून दिला? हात वर करा. आम्ही मोजायला तयार आहोत.

"गेला तो संपला" हा निवाडा आपण बेन हाईमपासून करू लागलो असेही नाही. लिव्हरपूलसाठी खेळणारा पहिला इस्रायली अवी कोहेन हाही बॅकच, हाही मक्काबी तेल अवीवचाच. १९७९ साली गेला, १९८१ साली परतला, २४ सामने. तेव्हाही इथले शहाणे हेच म्हणाले. त्यांना विचारावे, तुम्ही त्या वेळच्या लिव्हरपूलचा बचाव पाहिला होता का? उजवीकडे फिल नील, ज्याने १९७६ ते १९८३ या काळात चारशेच्या वर सामने एकही न चुकवता सलग खेळले. त्या माणसाला सर्दीसुद्धा होत नसे! अशा घरात २४ वेळा ताटावर बसायला मिळणे ही घसरण नव्हे. आणि ३ मे १९८० चा तो सामना, अॅस्टन व्हिलाविरुद्ध, लीगचे अजिंक्यपद ज्याच्यावर ठरायचे होते: कोहेनने आधी स्वतःच्याच जाळ्यात गोल घातला आणि मग समोरच्या जाळ्यात घालून तो फेडला. लिव्हरपूल ४-१ ने जिंकले. एकाच दुपारी संपणे आणि उठणे, दोन्ही. कोहेन डिसेंबर २०१० मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याचा मुलगा तामीर तेव्हा बोल्टनमध्येच खेळत होता. २४ एप्रिल २०११ रोजी त्याने आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला डोक्याने गोल मारला आणि जर्सी वर करून आत छापलेले वडिलांचे चित्र दाखवले. त्या संध्याकाळी आमच्या चौघांपैकी एकही जण बोलू शकला नाही. तेव्हा कोणी म्हटले नाही, की बाप गेला आणि संपला.

आता थोडे घरचे, कारण शेवटी ते टाळता येत नाही. आमच्यातल्या एकाचे वडील मुंबईत रेल्वेत हेडक्लार्क होते. हाताखाली नऊ माणसे, इंग्रजी पत्रव्यवहार त्यांच्या सहीने जाई. इथे आल्यावर त्यांना वाळवंटातल्या एका नव्या गावात कापडाच्या कारखान्यात गठ्ठे बांधायला लावले, आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. ठाण्याहून त्यांच्या थोरल्या भावाची पत्रे येत. त्यांत दर वेळी एक ओळ ठरलेली असे: गेलास आणि हात धुऊन बसलास. त्या ओळीवर ते कधी काही लिहीत नसत. बाकीच्या पत्राला उत्तर देत. आता सांगा, त्या माणसाचे अक्षर बिघडले होते काय? हिशेब चुकू लागले होते काय? ज्या टेबलावर बसून ते हेडक्लार्क होते ते टेबल इथे नव्हते, आणि इथल्या टेबलांवर आधीच दुसरे बसले होते. आणि त्यांच्याच पोटच्या पोरांनी इथे दुकाने काढली, पदव्या घेतल्या. ज्यांच्या घरी अशा ओळींची पत्रे आली त्यांनीच आज दुसऱ्याच्या पोराला तीच ओळ ऐकवावी, ह्यासारखे नवल नाही.

बेन हाईमचा उत्तरार्धही मामा सांगत नाहीत. २०१४-१५ मध्ये, ३२ वर्षांचा असताना, तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत चार्लटनसाठी मोसमभर नियमित खेळला. रिकामी खुर्ची मिळाली आणि चिरा बसला. मग मक्काबी तेल अवीवमध्ये परत आला आणि त्या संघाबरोबर चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचला. (त्याच संघात ताल बेन हाईम नावाचा दुसरा एक खेळाडू होता, वयाने लहान, पुढे खेळणारा. एकाने मारलेले गोल आणि दुसऱ्याने केलेल्या चुका यांची अदलाबदल आमच्या शनिवारच्या घरात अजून चालते.) राष्ट्रीय संघासाठी त्याचे नव्वदांहून अधिक सामने झाले, आणि त्यांतले बहुतेक "संपल्या"नंतरचे आहेत. संपलेल्या माणसाला कोणता देश दहा वर्षे मध्ये उभा करतो?

२४ नोव्हेंबर २०१५ रोजी हैफाला चेल्सी आली होती. आमच्यातले दोघे प्रत्यक्ष मैदानावर होते, बसने गेलेले. पहिला गोल कोणी मारावा? केहिलने. आणि मध्यंतराच्या थोडे आधी बेन हाईमने दिएगो कोस्टाला लाथ मारली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. कोस्टा हा माणसाला डिवचण्यात पटाईत, हे जगाला ठाऊक. पण लाथ ती लाथ, आणि ३३ वर्षांच्या माणसाने ती मारायची नव्हती. सामना ०-४ गेला. परतीच्या बसमध्ये सगळे हेच बोलत होते, गेला तेव्हाच संपला होता तो. आमचे दोघेही त्यात होते, आणि खूप मोठ्याने होते. त्याबद्दल त्यांना आज इथे नावे न घेता जाहीर दंड करण्यात येत आहे: पुढच्या शनिवारचा चहा आणि चिकाचा हलवा त्यांच्याकडून.

त्या मुलाविषयी एवढेच. तो सायप्रसला जाऊन मोठा होईल असे आम्ही म्हणत नाही. बहुधा होणारही नाही. वर्षभराने परत येईल, कदाचित गुडघा दुखावून येईल. त्याच्या वडिलांना आमचे सांगणे असे की नाही म्हणायचे असेल तर खुशाल नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पैसे नाहीत म्हणा, आई एकटी पडेल म्हणा, करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको म्हणा. आणि हे शेवटचे तर जरूर म्हणा. त्या क्लबात आधीचे सेंटर बॅक किती आहेत, त्यांची वये काय, आणि बोलावणारा मॅनेजर स्वतः किती दिवस टिकणार, एवढे मात्र मुलाकडून विचारून घ्या. पण बेन हाईमला मध्ये आणू नका.

मामा हे मासिक वाचतात हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी उत्तर जरूर लिहावे, संपादक छापतील. फक्त लिहायला बसण्यापूर्वी २००७ सालच्या चेल्सीच्या चार बॅकची नावे एका कागदावर लिहून काढावीत, आणि त्यांतल्या कोणाला बाहेर बसवून आपण बेन हाईमला खेळवले असते ते पहिल्याच ओळीत सांगावे.